वरच्या ओळीतला कामचुकार

सहा आठवडे होऊनही हात ढिम्म हलत नाही, याचा अर्थ वरचा माणूस कामचुकारपणा करतोय, असा निष्कर्ष शिंप्याने बुधवारी सकाळी डाव्या हाताने दाढी करता करता काढला. त्या तावात हनुवटी दोनदा कापली, तर त्याचंही खापर त्याने वरच्या माणसावरच फोडलं.

वरचा माणूस म्हणजे देव नव्हे. देवाशी तर शिंप्याने पक्षाघाताच्या दिवसापासून बोलणंच टाकलं होतं. वरचा माणूस म्हणजे चर्चमधल्या आजाऱ्यांच्या यादीत त्याच्या वरच्या ओळीत जो कोण होता तो.

या यादीची गंमत सांगायलाच हवी. पूर्वी पाळकसाहेब रविवारी सगळी यादी वाचायचे, सगळी मंडळी एका सुरात ‘आमेन’ म्हणायची आणि आठवडाभर प्रार्थना दुसरं कुणीतरी करत असेल या भरवशावर आपापल्या कामाला लागायची. मग यादी हेडबाईंच्या ताब्यात आली. बाईंनी एकतीस वर्षं शाळा चालवलेली. सगळ्या वर्गाला मिळून दिलेला गृहपाठ एकही पोरगं करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी नियम केला: यादीतल्या प्रत्येक आजाऱ्याने आपल्या खालच्या ओळीतल्या आजाऱ्यासाठी रोज प्रार्थना करायची. शेवटच्याने पहिल्यासाठी. आजारी माणसाला वेळ भरपूर असतो, आणि तो नुसता कण्हण्यात घालवण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, असं त्यांचं म्हणणं. खाली कोण ते सांगितलं जाई, वर कोण ते कधीच नाही. आणि यादीत नावं नसत. एकदा एकाच नावाचे तिघे एकदम आजारी पडले होते आणि गुडघ्याची प्रार्थना मूत्रपिंडाला लागू पडली अशी तक्रार आली होती. तेव्हापासून बाई फक्त धंदा किंवा ठिकाण, आणि दुखणं लिहीत. नावं देवाला पाठ आहेत, असं त्या म्हणायच्या.

शिंप्याची ओळ ‘शिंपी, उजवा हात’ अशी होती. ती लेकीने त्याला न विचारता घालून टाकली होती. त्याच्या खाली होता ‘बेकरीवाला, कंबर’. आता शिंप्याने बेकरीवाल्यासाठी किती वेळा प्रार्थना केली, असं कुणी विचारेल तर उत्तर सोपं आहे: एकदाही नाही. याच बेकरीवाल्याने एकच पँट तीनदा सैल करून घेतली होती, आणि तिन्ही वेळा हातात बिस्किट धरून, ‘तुमचंच माप चुकलंय,’ असं चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं. अशा माणसाच्या कमरेशी शिंप्याला काही देणंघेणं नव्हतं. पण वरच्याने मात्र आपलं काम चोख करायला हवं होतं.

घाईही होती. शनिवारी जावई टेम्पो घेऊन मशीन न्यायला येणार होता. ‘पप्पा, नुसती धूळ खात पडलीय,’ लेक म्हणाली होती, ‘आणि तिच्याकडे बघून तुम्ही आणखी खचता.’ त्यावर शिंपी ‘न्या’ एवढंच बोलला आणि संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून बसला. चाळीस वर्षं त्या मशीनवर त्याचे पाय चालले होते. ती द्यायची नाही, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मग ठेवायची कशासाठी, असं लेकीने विचारलं असतं, तर सांगायला काहीच नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने एक पिवळा चेंडू दिला होता, रोज शंभर वेळा दाबायला. तिसऱ्या आठवड्यात तो कपाटाखाली गेला, आणि शिंप्याने तो काढायची तसदी घेतली नाही.

लेकीने शर्टाची बटणं लावून दिल्याबरोबर तो पाय ओढत चर्चमागच्या खोलीत जाऊन धडकला. हेडबाई गीतांच्या फाटक्या वह्यांना डिंक लावत बसल्या होत्या.

“बाई, मला तक्रार करायचीय. माझ्या वरचा माणूस प्रार्थना करत नाहीये.”

“कशावरून?”

शिंप्याने उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि टेबलावर ठेवला. “हा बघा पुरावा.”

बाईंनी चष्म्यावरून हाताकडे पाहिलं. “आणि बेकरीवाल्याची कंबर कशी आहे?”

“मला काय माहीत?”

“असं होय.”

“विषय बदलू नका. मला एक तर वरचा माणूस बदलून द्या, नाहीतर यादीतूनच काढा.”

“यादीतून दोनच प्रकारे निघता येतं,” बाई म्हणाल्या. “बरे झालात का?”

“नाही.”

“मग दुसऱ्या प्रकाराची मला तरी घाई नाही. तुम्हाला असेल तर सांगा.”

शिंप्याने घसा कोरडा पडल्याचं सोंग करून पाणी मागितलं. बाई माठाकडे वळल्या तेवढ्यात त्याने टेबलावरच्या वहीवर नजर टाकली. वही त्याच्या बाजूने उलटी होती, पण त्याला काय त्याचं. समोर उभ्या गिऱ्हाइकाला न कळता, त्याच्याकडे वळवलेल्या वहीतलं जुनं माप उलटं वाचायची सवय हाडात मुरलेली. ‘शिंपी’च्या वरची ओळ होती: ‘वॉर्ड सात, खिडकीजवळ, डोकं’.

डोकं! म्हणजे हा गृहस्थ डोकेदुखीचं निमित्त सांगून पडून राहतोय. दोन घोट पाणी पिऊन शिंपी उठला. बाई वह्यांना डिंक लावत राहिल्या. त्या दाराकडे पाठ करून हसत होत्या की काय, हे त्याला दिसलं नाही.

दुपारी भेटीच्या वेळेला तो सरकारी दवाखान्याच्या सात नंबर वॉर्डात पोचला. दोन मजले चढेपर्यंत त्याने भाषणाची चांगली तयारी केली होती. सुरुवात ‘महाशय’ अशी होती. पण वॉर्ड बायकांचा निघाला, आणि खिडकीजवळच्या खाटेवर सुपारीएवढी झालेली एक म्हातारी दोन उशांना टेकून बसली होती. ‘महाशय’ तिथेच गारद झाला.

“तुम्ही यांना भेटायला आलात?” सिस्टरला फार आनंद झाला. “बरं केलंत. यांच्याकडे कुणी येत नाही. फक्त एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. यांना काही लक्षात राहत नाही. पाच मिनिटं, फार तर दहा. मग सगळी पाटी कोरी.”

“म्हणजे डोकं दुखत नाही?”

“दुखत नाही हो, विसरतं. जेवलेलं विसरतात, मला विसरतात. एक तेवढं विसरू देत नाही तो पुठ्ठा.” तिने उशाजवळच्या कपाटाकडे बोट केलं. कपाटाच्या दारावर पुठ्ठा चिकटवला होता आणि त्यावर हेडबाईंच्या ठसठशीत, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तुम्ही रोज यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे. शिंपी, उजवा हात.’

“दिवसातून किती वेळा करत असतील, सांगा,” सिस्टर म्हणाली.

“किती?”

“नजर तिकडे गेली की वाचतात, हात जोडतात, करतात. मग विसरतात. पुन्हा नजर जाते. परवा मी मोजल्या तर जेवणापर्यंत तेवीस झाल्या. तो कोण शिंपी आहे, देव जाणे, पण अख्ख्या वॉर्डाला त्याचा हात पाठ झालाय. झाडूवाली रोज आल्या आल्या विचारते, शिंप्याचं काय झालं?”

शिंप्याने हळूच उजवा हात शर्टाच्या आत सरकवला.

सिस्टर गेली. तो स्टुलावर बसला. भाषणातला एकही शब्द आता वापरण्याजोगा उरला नव्हता. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि घरी आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तशी हसली.

“बरं झालं आलात. तुम्ही त्या शिंप्याला ओळखता का हो? हे आजच आलंय बघा माझ्याकडे.” तिने पुठ्ठा दाखवला. पुठ्ठ्याचे कोपरे सहा आठवड्यांत दुमडून काळे पडले होते. “आजच काम दिलंय. मी अगदी जीव लावून करणार आहे.”

“ओळखतो थोडंफार,” शिंपी म्हणाला.

“कसा आहे माणूस?”

इथे खरं तर दोन चांगले शब्द बोलता आले असते. पण समोर जेवणापर्यंतच तेवीस वेळा आपल्यासाठी हात जोडणारी बाई बसलेली असताना थाप मारायची शिंप्याची छाती झाली नाही.

“तुसडा आहे, मावशी. व्यायाम करत नाही. चेंडू दिलाय तो कपाटाखाली टाकून दिलाय. दुसऱ्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणतो आणि स्वतः कुणासाठी करत नाही.”

“अगं बाई!” म्हातारीचे डोळे लुकलुकले. “म्हणजे मला कामाचाच माणूस मिळाला की. सरळ माणसासाठी प्रार्थना करण्यात काय मजा?”

“सहा आठवडे झाले, मावशी. काही उपयोग नाही होत.”

“सहा आठवडे?” ती विचारात पडली. “मी तर आजच सुरुवात केली. आज पहिलाच दिवस आहे. पहिल्याच दिवशी कुणी हात टेकतं का?”

शिंप्याला हसू आलं. पाळकसाहेब पहिल्या आठवड्यात घरी येऊन त्याला प्रभूने बरं केलेल्या, हात वाळलेल्या माणसाची गोष्ट सांगून गेले होते, तेव्हा त्याने खवचटपणे विचारलं होतं, की त्या माणसाला पुढे काज करता यायला लागले का. पाळकसाहेब बिचारे चहा अर्धा टाकून गेले. त्यानंतर लेक दमली, जावई दमला, व्यायामाची मुलगी दमली आणि सगळ्यांत आधी तो स्वतः दमला. आणि इथे खिडकीत एक बाई होती जिला दमायला वेळच मिळत नव्हता. तिच्या प्रत्येक प्रार्थनेला नवी कोरी आशा होती, आणि ती सगळी त्याच्या वाट्याला येत होती. एवढ्या सुखाचा हिशोब त्याला लागेना.

“चला, आपण दोघं मिळून करू,” म्हातारी म्हणाली. “तुम्ही ओळखता त्याला, तेव्हा तुम्हीच बोला. मी आमेन म्हणते.”

“मी? मी नाही, मावशी. माझं देवाशी बोलणं नाही सध्या.”

“मग त्याला काय झालं? तुमच्यासाठी नाही, शिंप्यासाठी बोलायचंय.”

हे बिनतोड होतं. शिंप्याने डोळे मिटले.

“हे स्वर्गीय पित्या,” तो पुटपुटला, आणि इतक्या दिवसांनी ते शब्द तोंडात घरी आल्यासारखे बसलेले पाहून दचकला. “तो एक शिंपी आहे. त्याची लायकी काय आहे ती तुला माहीतच आहे. तरी त्याच्याकडे बघ. त्याच्या खाली एक बेकरीवाला आहे, त्याच्या कमरेकडेही बघ. कमरेचं माप बेचाळीस आहे, शिंप्याने अडतीस लावलं होतं. म्हणजे चूक शिंप्याचीच होती. ती त्याने कधी कबूल केली नाही. तर दोघांनाही सांभाळून घे. येशूच्या नावाने मागतो.”

“आमेन,” म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली.

पाचेक मिनिटं गेली. बाहेर कुणीतरी बादली आपटली. म्हातारी खिडकीकडे बघत होती. मग तिची नजर फिरत फिरत कपाटावर आली. तिने ओठ हलवत पुठ्ठा वाचला, चेहरा उजळला, आणि तिने स्टुलावरच्या परक्या माणसाकडे पाहिलं.

“बरं झालं आलात. हे आजच आलंय बघा माझ्याकडे. शिंप्यासाठी प्रार्थना करायचीय. तुम्ही करता का माझ्याबरोबर? की आपली झाली करून?”

झाली, असं म्हणून तो उठू शकला असता. भेटीची वेळही संपत आली होती.

“नाही मावशी,” शिंपी म्हणाला. “अजून नाही झाली.”

त्याने शर्टात लपवलेला उजवा हात बाहेर काढला आणि चादरीवर ठेवला. म्हातारीने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“देवा,” तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज फुटला. “मीच तो. शनिवारी माझी मशीन न्यायला येणार आहेत. मला ती द्यायची नाहीये. मला फार भीती वाटते रे. बरा होईन की नाही ते मला माहीत नाही, पण मला दमू देऊ नकोस. लेकीला आज घरी गेल्यावर नाही म्हणून सांगायची ताकद दे. एवढंच.”

“आमेन,” म्हातारी म्हणाली. मग तिने हातातला हात हलकेच हलवून पाहिला. “तुमचाच का हा? दाबा बघू माझी बोटं.”

शिंप्याने दात आवळले, सगळा जीव खांद्यातून खाली ढकलला आणि दाबली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोनच हलली, तीही माशी बसल्याएवढीच.

“इतकंच?” म्हातारीने विचारलं.

“आज पहिलाच दिवस आहे, मावशी,” शिंपी म्हणाला, आणि त्याने पुन्हा दाबली.