गावात त्या आडनावाचं कुणी नाही

"अहो बाबा, जरा हळू चला की!" मी मागून ओरडले. ऐकतील तर शपथ! बसमधून उतरल्यापासून ते असे सुटले होते, जणू घरी पाहुणे खोळंबलेत.

बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. जन्म शहरातला, सगळं आयुष्य तिथल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, आणि आता म्हातारपणी उठसूट "गावी जातो" म्हणत बसस्टँडवर जाऊन बसतात. गाव कुठलं? तर ज्याच्यावरून आमचं आडनाव पडलं ते. तिथं आजोबासुद्धा कधी राहिले नव्हते! बाबा दादाकडे राहतात, आणि दादा त्यांना शोधून शोधून मेटाकुटीला आलाय. "आता एकदा पळाले की सरळ वृद्धाश्रम," असं त्याने मला बजावलं. मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? माझी एक खोली, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हटलं, एकदाचं गाव दाखवू, निदान जीव शांत होईल.

"आपल्या आडनावाची घरंच्या घरं असतील बघ," बाबा म्हणाले. "कामावर सगळे विचारायचे, तुम्ही मूळचे कुठले? मी ठणकावून सांगायचो."

रस्त्याला लागूनच एका शिंप्याचं दुकान होतं. बाबा थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि आडनाव सांगून म्हणाले, "आमची माणसं कुठल्या बाजूला राहतात?"

शिंप्याने मशीन थांबवलं. "त्या आडनावाचं इथं कुणी नाही, काका."

"असं कसं? नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? गावातला माणूस गावाचं नाव कशाला लावेल? इथं सगळेच इथले. इथून उठून दुसरीकडं गेला, की तिथले लोक म्हणतात, हा अमक्या गावचा. तेच चिकटतं मग. जो गेला, त्यालाच हे नाव."

त्या शिंप्याचं तोंड दाबावंसं वाटलं मला. खरं असलं म्हणून काय लगेच बोलून टाकायचं? मी बाबांचा हात धरला, तर त्यांनी सोडवून घेतला.

"आणि गेलेल्यांना इथं काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"शहरवाले म्हणतात, आणखी काय! मघाशी बायको म्हणालीच, कुणीतरी शहरवाले उतरलेत म्हणून." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याने उठून बाबांना खुर्चीसुद्धा दिली.

बाबा बसले नाहीत. "तिकडं साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळे मला गाववाला म्हणायचे," ते म्हणाले. "इथं शहरवाला. बरं आहे."

परतीच्या बसमध्ये बाबा मान खाली घालून बसले. खिडकीबाहेरही बघेनात. माझा जीव टांगणीला लागला. शांत करायला आणलं आणि होती ती आशासुद्धा घालवली की मी! आता बसस्टँडवर तरी कशाला जातील? आणि नाही गेले, तर दिवसभर भिंतीकडे बघत बसतील. दादा तर तयारच बसलाय.

कंडक्टर आला. "कुठलं द्यायचं?"

मी दादाच्या घराजवळच्या स्टॉपचं नाव घेणार, तोच बाबांनी हात वर केला.

"हिच्या घरचं द्या," ते म्हणाले.

"हिच्या घरचं म्हणजे कुठलं हो, काका?" कंडक्टर हसला.

बाबा नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सासूबाईंच्या पलंगाशेजारी आणखी एक अंथरूण कसं मावणार, देव जाणे. नवरा काय म्हणेल, तेही माहीत नव्हतं. तरी मी माझ्या स्टॉपचं नाव सांगितलं.

"दोन द्या," मी म्हटलं.