पासिंगचे टायर

“अप्पा, कालचे टायर कुठं गेले?”

यशोधरेने विचारले आणि जीपच्या मागच्या बाकावर शाळेला निघालेल्या पोरींत बसलेली लिंगम्मा दप्तरात तोंड खुपसून खुसखुसली. ‘हिंमत असंल तर इचारून दाव’ अशी पैज तिनेच लावली होती.

भीमराजने चावी फिरवता फिरवता लेकीकडे पाहिले. “गाडीलाच हायत की. उडून जायलेत व्हय?”

“हे गुळगुळीत हायत. काल पासिंगला नेले ते कसे काळेकुळकुळीत हुते!”

“गणितं साळंत सोडव, यशे. गाडीची नगं.”

गाडी दरसाल सरकारी साहेबाकडून तपासून घ्यावी लागे, तेच पासिंग. साहेब तालुक्याला महिन्यातून दोनच दिवस यायचा. एकदा हॉर्न वाजला नाही म्हणून त्याने जीप परत धाडली, पुढच्या खेपेला तो स्वतःच उगवला नाही. तेवढ्यात मुदत उलटली, दंड चढला, आणि जीप दारात नुसती कोंबड्यांना बसायला झाली. काल एकदाची पास झाली तेव्हा भीमराजने गल्लीभर पेढे वाटले होते.

नाल्याच्या उतारावर ओल्या मातीत जीप तिरपी सरकली ती थेट कठड्यापर्यंत. पोरी किंचाळल्या, मग उगीचच हसल्या. यशोधरा हसली नाही. सकाळ चांगली गार होती, तरी अप्पांच्या मानेवर घाम होता.

मधल्या सुट्टीत ती तडक, अप्पा जीप दुरुस्त करून घेत त्या बाबूलालच्या गॅरेजवर गेली. पासिंगला निघालेली गुंडेरावांची जीप जॅकवर चढलेली, तिला बाबूलाल टायर बसवत होता. काळेकुळकुळीत! एकाच्या कडेला हिरव्या रंगाचा ओघळ. काल हाच टायर तिच्या दारातून पासिंगला गेला होता.

“चाचा, हे आमच्या गाडीचे न्हाईत?”

बाबूलाल मनापासून हसला. “किसीके नै बेटी. ये टायरां सिरफ पासिंगकू जातें. आजतक कबी फेल नै हुए!”

परतताना ती दिसेल त्या गाडीच्या चाकांकडे बघत राहिली. दर महिन्याला तेच टायर, तोच हिरवा ओघळ. साहेबाला डोळे नव्हते? का त्यालाही पेढे पोचत होते?

संध्याकाळी तिने घरात सगळे सांगितले. भीमराजने चहाची बशी खाली ठेवली.

“व्हय, बाबूलालचे हुते. न्हाई तर आणिक महिनाभर गाडी उभी, वर दंड. खायाचं काय मग? समदेच करायलेत. घेतो की नवे, दिवाळीला.”

“तवर पोरी?”

“इतकी सालं चालवायलोय. कवा कुणाला खरचटलं?”

चांगुणाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. टायरांचे ऐकून तिने मानसुद्धा वळवली नव्हती. आणि यशोधरेला एकदम आठवले, आई बाजाराला जीपने जातच नाही. धुराच्या वासाने मळमळतं म्हणते आणि सरकारी बस गाठते.

“आई, बसच्या धुरानं तुला मळमळत न्हाई व्हय?”

थापायचा आवाज थांबला. भीमराज आता लेकीकडे नाही, बायकोकडे बघत होता. चांगुणाबाईने पिठाचे हात पुसले.

“उद्या माझी वाट बघू नगा, अप्पा,” यशोधरा म्हणाली. “मी बी बसनंच जाणार. आन् पोरींला कामून ते सांगूनच जाणार.”