सहाव्यांदा विकली गेलेली गाडी

मित्रांनो, माझ्या पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगानं मोठा आकडा लिहिलेला असायचा. ती माझी किंमत होती असं मात्र समजू नका. तो आकडा रॉइस टॅकेट लिहायचा. माझी खरी किंमत त्याला ठाऊक होती, पण ती सांगायची त्याला सवय नव्हती.

मी राखाडी रंगाची, चार दारांची, बारा वर्षांची गाडी आहे. केंटकीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी इंडियानातल्या मन्सी गावात आले. ऑरव्हिल डन हे माझे पहिले मालक. शाळेत मुलांना बँड शिकवून ते निवृत्त झाले होते. दर तीन महिन्यांनी ते माझं तेल बदलायचे आणि पुढच्या कप्प्यातल्या छोट्या वहीत तारीख लिहून ठेवायचे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेलं असलं की, मला गंज चढू नये म्हणून घरी आल्यावर माझं पोट पाण्यानं धुवायचे, आणि मग छपरावर थाप मारून म्हणायचे, "शाबास, पोरी." सहा वर्षं मी एकदाही बंद पडले नाही. मला वाटायचं, गाडीचा जन्म असाच असतो.

डनसाहेब गेले. त्यांच्या मुलीनं मला लिलावात दिलं आणि रॉइसनं मला स्वस्तात उचललं.

रॉइसचं दुकान म्हणजे हमरस्त्याला लागून खडी पसरलेलं एक पटांगण, त्यात वीस-बावीस जुन्या गाड्या आणि कोपऱ्यात एक पत्र्याची खोली. ज्यांना कुठेच कर्ज मिळत नाही अशी माणसं त्याच्याकडे यायची. गाडीही त्याची आणि कर्जही त्याचंच. हप्ता दर आठवड्याला त्याच खोलीत आणून भरायचा. आल्या आल्या त्यानं माझ्या डॅशबोर्डखाली एक काळी डबी बसवली. मी कुठे आहे हे तिच्यावरून त्याला कळायचं, आणि हप्ता चुकला की तो खोलीत बसल्या बसल्या माझं इंजिन सुरूच होऊ द्यायचा नाही.

पाच वर्षांत त्यानं मला चार वेळा विकलं आणि चारही वेळा ओढून परत आणलं. मला परत आणण्यातच त्याची खरी कमाई होती, हे दुसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. आधीच्या माणसानं भरलेले पैसे याच्या खिशात आणि मी पुन्हा पटांगणात. एकदा गोदामात काम करणाऱ्या टॅव्हिस नावाच्या तरुणाचा हप्ता चार दिवस लांबला. तो आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन आला होता. आई गाल धरून बाहेर आली, टॅव्हिसनं किल्ली फिरवली आणि मी गप्प. त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. "भंगार आहे ही गाडी," तो म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा रे, माझ्यात काही बिघाड नाही. पण गाडीला बोलायची सोय कुठे असते? चार घरांत मी भंगार ठरले, आणि एकानंही कधी माझं तेल बदललं नाही. हप्ते भरून कोणाकडे उरणार होतं काय?

मी पुरती वैतागले होते. अशात एका मार्चमध्ये नोरीन हार्गिस आली.

नोरीन पन्नाशीची होती. गावाबाहेर शेतांतल्या घरांत एकटे राहणारे म्हातारे असतात ना, त्यांना आंघोळ घालणं, औषधं देणं, खाऊ घालणं हे तिचं काम. सकाळी सहाला पहिल्या घरी पोचावं लागे, आणि तिकडे बस जात नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक नोकरी सोडून दुसरी धरताना मधले अकरा दिवस तिच्याकडे नोकरीबरोबर मिळणारा आरोग्यविमा नव्हता. नेमकं त्याच अकरा दिवसांत तिचं अपेंडिक्स फुटलं. इस्पितळाच्या बिलानं तिची शिल्लक खाल्ली, गाडी गेली, आणि शेवटी तिला कोर्टात दिवाळखोरी जाहीर करावी लागली. कोर्टानं तिला कर्जमुक्त केल्याला चार महिने झाले होते. त्या आदेशाचा कागद ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर बाळगायची.

तिच्याबरोबर तिची मोठी बहीण ट्वायला होती. गेले चार महिने रोज पहाटे आपल्या जुन्या पिकअपमधून नोरीनला कामावर सोडणारी तीच, आणि ती माझ्याहून जास्त वैतागलेली दिसत होती.

रॉइसनं माझं दार उघडून धरलं. "बसा की, बाई. दिवाळखोरी झालीय म्हणालात ना? काही लाजू नका. बँका तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. मी करतो."

"टक्के किती?" नोरीननं विचारलं.

"आठवड्याला फक्त अडुसष्ट डॉलर."

"ते झालं. व्याज किती टक्के?"

"अडुसष्ट म्हणजे दिवसाला दहासुद्धा नाही, बाई. कॉफी आणि सँडविचचे पैसे."

"मी कॉफी घ्यायला आलेले नाही. टक्के किती?"

रॉइसनं सुस्कारा टाकला आणि कागद पुढे केला. नोरीननं चष्मा चढवला आणि अगदी खालची बारीक ओळ बोटानं शोधून काढली. चोवीस टक्के. माझ्या काचेवर नऊ हजार नऊशे लिहिलं होतं. आधी भरायचे आठशे धरून चार वर्षांत मी तिला जवळजवळ पंधरा हजारांना पडणार होते.

"सही कर आणि मोकळी हो," ट्वायला म्हणाली.

"ताई, हे वाच तरी."

"मला नाही वाचायचं काही. तू रोज एक नवी खोट काढतेस. मी रोज पहाटे चारला उठते, नोरीन. मला आता नाही जमत."

"मग नको नेऊस."

"हो का? मग उडत जा."

दोघी आल्या तशा भांडत गेल्या. खरं सांगते, मित्रांनो, मलाही नोरीनचा रागच आला. मीठ आणि चिखल खात उभं राहण्यापेक्षा सहावं घर काय वाईट होतं?

आठवड्यानं ती एकटीच आली. चालवून बघते म्हणून तिनं किल्ली मागितली आणि मला थेट गावातल्या कामगारांच्या पतपेढीसमोर नेऊन उभं केलं. आतून कर्ज विभागाचे क्लाइड एस्टेप नावाचे टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझे मैल टिपून घेतले, वाकून माझं पोट बघितलं, मग कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन नोरीनशेजारी बसले.

"तीन बँकांनी नाही म्हटलं," नोरीन म्हणाली. "कारण कुणीच सांगत नाही."

"मी सांगतो. तुमच्या पतीचा अहवाल मागवलाय मी."

"माझं लग्नच झालेलं नाही."

"पत हो, पत! कर्जाची पत. पती नव्हे." पहिल्यांदाच दोघं हसले. मग एस्टेपनी पान उलटलं. "हे बघा. इस्पितळाचं बिल, क्रेडिट कार्डं, सगळी मिळून अकरा खाती. कोर्टानं ती पुसून टाकली. पण अहवालात अजून थकलेलीच दाखवलीत. बँकेला वाटतं, ही बाई आजही बुडतेय."

"पण कोर्टाचा आदेश आहे माझ्याकडे."

"तुमच्याकडे आहे. अहवाल ठेवणाऱ्यांकडे आहे का? त्यांना पत्र लिहा, आदेशाची नक्कल जोडा. तपासायला त्यांना तीस दिवस लागतात."

"तीस दिवस?" नोरीनचा आवाज चढला. "मला कामावर अजून दोनदा उशीर झाला तर काढून टाकतील. अपेंडिक्स फुटायला अकरा दिवस पुरले आणि कागद सुधारायला तीस?"

एस्टेपनी कागदांचा गठ्ठा मिटला. "तुमची चीड बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आज सही केलीत तर चार वर्षं चिडाल. तोवर इथे खातं उघडा, पंचवीस डॉलर पुरे. पगाराच्या चिठ्ठ्या आणा. भाडं वेळेवर देता असं घरमालकाकडून लिहून आणा. तुम्ही आज कशा आहात ते मला समितीला दाखवायचंय. आणि आणखी एक सांगून ठेवतो. ही गाडी चौसष्टशेची आहे. त्यावर एक डॉलरही आम्ही देणार नाही."

चौसष्टशे! काचेवरच्या आकड्यापुढे ते ऐकून क्षणभर मी ओशाळले. मग आठवलं, डनसाहेब गेल्यापासून माझ्याबद्दल कुणी खरं बोललेलं हे पहिलंच.

त्यानंतरचे तीस दिवस मी कधी विसरणार नाही. दुपारी कामावरून परतताना नोरीन हमरस्त्याच्या कडेनं कुणाची तरी मागून आणलेली सायकल चालवत जायची. ट्रक गेला की सायकल डगमगायची. एकदा गारांच्या पावसात ती सायकल हातात धरून चालत गेली. पहाटे मात्र ती सायकल मागे टाकून ट्वायलाचा पिकअप अजून जायचा, फार हळू, रस्त्याच्या मध्यरेषेला धरून, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. काचा बंद असूनही दोघींचं भांडण चाललेलं दिसायचं. इकडे रॉइसनं माझा आकडा पुसून साडेदहा हजार लिहिला. एक जोडपं माझ्यात बसून गेलं. "उद्या येतो," म्हणाले. त्या उद्याच्या धास्तीनं मी रात्रभर जागी राहिले. ते आले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी सकाळी दोघी बहिणी आल्या. नोरीनच्या हातात पतपेढीचं पत्र होतं. अहवाल सुधारला होता. समितीतल्या एकानं 'एक वर्ष जाऊ द्या' म्हणून आडकाठी घातली, तेव्हा एस्टेपनी घरमालकाची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली होती: 'इस्पितळातून सुटल्यावर पोटाला टाके असताना बाई दुसरा मजला चढून भाडं द्यायला आली.' साडेअकरा टक्के व्याज आणि तीन वर्षांची मुदत ठरली. बाराशे डॉलर नोरीनचे स्वतःचे, बाकीचे पतपेढीचे.

"मी पतपेढीचा चेक घेत नाही," रॉइस म्हणाला.

"का?"

"माझी पद्धत नाही. आणि गाडी साडेदहाची आहे. वर कागदपत्रांचे चारशे, डबीचे दोनशे."

"गाडी चौसष्टशेची आहे. आणि ती डबी काढायची," नोरीन म्हणाली.

रॉइस हसला आणि ट्वायलाकडे वळला. "बाई, तुम्हीच समजवा आता बहिणीला. तुम्ही तर कंटाळला होता ना?"

आता ट्वायला पुन्हा 'सही कर' म्हणणार असं मला वाटलं. ती पुढे आली आणि माझ्या बॉनेटवर हात टेकून उभी राहिली.

"कंटाळलेय," ती म्हणाली. "हिच्यासारखी हट्टी बाई अख्ख्या जिल्ह्यात नाही. पाच महिने हिला सोडतेय मी. अजून पाच महिने सोडीन. दहा सोडीन. पण तुझ्या त्या कागदावर ही सही करणार नाही. चल गं."

दोघी पिकअपपर्यंत पोचल्या. रॉइसनं पटांगणाकडे नजर टाकली. महिनाअखेर होती आणि त्या आठवड्यात एकही गाडी हललेली नव्हती. मला त्यानं किती स्वस्तात उचललं होतं आणि चार वेळा विकून किती कमावलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

"थांबा," तो म्हणाला. "आणा तो चेक."

त्याच्या माणसानं डॅशबोर्डखाली शिरून डबीच्या तारा कापल्या. त्या वेळी मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं, एवढंच सांगते.

नोरीननं पट्टा लावला. तेवढ्यात ट्वायला पलीकडचं दार उघडून आत येऊन बसली.

"तुझा पिकअप?" नोरीननं विचारलं.

"राहू दे इथंच. रॉइसलाच विकते त्याला. देईल ते घेते."

"अगं, वेड लागलं का तुला? तू काय चालवणार मग?"

ट्वायला समोर बघत राहिली. "मला चालवता येत नाही आता. डाव्या डोळ्यानं दिसतच नाही. उजव्यानं पण धूसर झालंय. नोव्हेंबरपासून, थँक्सगिव्हिंगच्या सणापासून."

नोरीननं मला पटांगणाच्या तोंडाशीच थांबवलं. खडी करकरली. ती बहिणीकडे वळली.

"आणि तू मला रोज पहाटे नेत होतीस?"

"मग कोण नेणार होतं?"

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी सही केली असतीस ना. मी 'सही कर, सही कर' म्हणून ओरडायची, पण मनातून तू करू नयेस असंच वाटायचं. मला समजत नव्हतं मी काय बोलतेय. भीती वाटायची गं. पांढरी रेघ तेवढी दिसायची."

नोरीननं बहिणीचा पट्टा ओढून स्वतःच्या हातानं लावला. मग कामाच्या दिशेनं न जाता तिनं मला उलट वळवलं, डोळ्यांच्या दवाखान्याकडे. वाटेत दोघी पुन्हा भांडल्या, डॉक्टरचे पैसे कोण देणार यावरून.

ट्वायलाच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची पुढच्या महिन्यात आहे. मी आता त्यांना नेते, आणते. माझं तेल वेळेवर बदललं जातं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. कधी वाईट दिवसही येतील. तेव्हा घाईनं सही करू नका. खालची बारीक ओळ वाचा, आणि कुणी 'दुसरीकडे तुम्हाला कुणीच देणार नाही' म्हणालं तर आधी दुसरीकडे जाऊन बघा. हिवाळ्यात गाडीचं पोट धुवा. आणि तुमच्या घरी कुणी अलीकडे फार चिडचिड करत असेल, तर उलट चिडू नका. एकदा त्याच्या शेजारी बसा आणि नीट दिसतंय ना, दुखत नाहीये ना, एवढं विचारा.