उलटं फिरणारं चाक

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. किती जुनं ते विचारू नका, कारण माझा एक भाग दुसऱ्याच्या वयाचा नाही. मोटर मोडीत निघालेल्या वॉशिंग मशीनची, पायाखालचं पेडल शिलाई मशीनचं, सांगाडा एका लोखंडी पलंगाचा आणि चिखल अडवायला भोवती कापून बसवलेला प्लॅस्टिकचा टब. मला घडवलं एका सुनेनं, आपल्या सासूला मातीची भांडी करता यावीत म्हणून. आणि मला वैताग दिला तो दोघींनी मिळून.

सासूनं चाळीस वर्षं वाडगे, पेले आणि बरण्या घडवल्या. तिचं चाक पायानं फिरायचं. खालची जड चकती डाव्या पायानं पुढे रेटायची आणि वरच्या चकतीवर हात चालवायचे. रेटून रेटून डावा गुडघा झिजला. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की यापुढे चाकाला पाय लावायचा नाही. त्या दिवसापासून बाई खिडकीशी जी बसली ती बसलीच. कोणी काही विचारलं, तर "ठीक आहे" एवढंच म्हणायची.

सून मोटरी दुरुस्त करायच्या दुकानात तारा गुंडाळायचं काम करते. दुकानात तिला सगळे कॉइलताई म्हणतात. सासूचं ते गप्प बसणं तिला बघवेना. तिनं ठरवलं, आपणच विजेवरचं चाक करायचं. ठरवताना तिनं कोणालाही विचारलं नाही, सासूलाही नाही. माझे भोग तिथूनच सुरू झाले.

पहिल्या खेपेला माझी चकती मध्यावर बसलीच नव्हती. मोटर सुरू होताच मी थरथरत, सरकत पार दारापर्यंत गेलो. दुसऱ्या खेपेला वेग आवरेना. मातीचा गोळा जो उडाला, तो शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला. तिसऱ्या खेपेला मोटरीत पाणी शिरलं आणि घरातले दिवे गेले. दर सुट्टीला मला खोलायचं, जोडायचं, पुन्हा खोलायचं. एकदा तर सून आपला पानाच माझ्या पोटात विसरली. तो खडखडायला लागला तेव्हा बोलणी कोणी खाल्ली? मी.

दोन महिन्यांनी मी एकदाचा सरळ फिरायला लागलो. सुनेनं सासूला हाताला धरून आणलं, स्टुलावर बसवलं, आणि उजव्या, धडक्या पायाखाली पेडल दिलं. सासूनं हात ओले केले, गोळा थापला. गोळा डगमगला. तिनं पुन्हा थापला. कशीबशी वाटी उभी राहिली आणि एका अंगाला बसली.

असं तीन आठवडे चाललं. वाकड्या वाटीवर वाकडी वाटी. शेवटी सासूनं हात पुसले आणि म्हणाली, "माझे हात गेले गं. राहू दे आता."

सुनेला काही ते पटेना. तिनं माझा पट्टा बदलला, बेअरिंगला तेल दिलं, पलंगाच्या पायांखाली रबर घातलं. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अगं बाई, मला काहीही झालेलं नाही आणि तुझ्या सासूच्या हातांनाही नाही. पण चाकाला तोंड कुठून असणार? आणि ज्यांना तोंडं होती त्या दोघी गप्प.

एका सकाळी सून फळी पुसत होती. सासूचा एक जुना वाडगा आणि त्या वाकड्या वाट्यांपैकी एक तिनं शेजारी शेजारी ठेवली. हात तिथंच थांबला. ओल्या मातीवर बोटांच्या रेघा उमटतात ना, त्या वाडग्यात एका बाजूनं चढत होत्या आणि वाटीत दुसऱ्या.

"आई, तुमचं चाक कुठल्या बाजूनं फिरायचं?"

"घड्याळासारखं."

"आणि हे?"

सासू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उलटं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण मला वाटलं, मोटर फिरते तशीच फिरणार. आणि तू एवढी राबलीस. त्यात कसं नाव ठेवू?"

सुनेनं फडकं टाकून स्क्रूड्रायव्हर उचलला. ती म्हणाली, "आई, दोन तारांची अदलाबदल आहे. पाच मिनिटांचं काम." मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी विचारायला हवं होतं."

पाच मिनिटंही लागली नाहीत. सासू बसली. गोळा तिच्या तळव्यांत स्थिर झाला, उघडला, आणि भिंत सरळ वर चढली. तिनं वाडगा तारेनं चकतीपासून कापून बाजूला ठेवला आणि दुसरा गोळा घेतला. मग तिसरा. सून दुकानात जायची विसरून तशीच उभी राहिली होती.

आता सूनही माझ्यावर शिकते. तिच्या हाताला माझी मूळची दिशाच सोयीची, म्हणून तिनं मला बाजू बदलायचं बटण बसवलंय. दोघी बटण न बघता बसतात आणि मग कुरकुरतात. परवा सुनेनं आपला पहिला वाडगा दाखवला. सासूनं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "बुडाशी जाड झालाय. पुन्हा कर." सुनेनं नवा गोळा घेतला. मला खूप बरं वाटलं.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या यंत्रावरचा चिखल त्याच दिवशी पुसा, तारा कोरड्या ठेवा, आणि काही बिघडलंय असं वाटलं तर त्याच दिवशी बोला. गेले चार दिवस माझा पट्टा करकरतोय. दोघींनाही तो ऐकू येतोय, आणि दोघींनाही वाटतंय की दुसरी बघेल.