क्रोमिअमचे चार आणि दोन

आमच्या नाशिकच्या कॉलेजात यादव सरांना रसायनशास्त्राचा देव मानत. देव कसला, अकरा वर्षांत स्वतःच्या नोट्स एकदाही न वाचलेला माणूस! मी भिमाजी, तिथला लॅब अटेंडंट. अक्षर चांगलं म्हणून त्यांच्या खासगी क्लासच्या नोट्सच्या प्रती काढायचं स्टेन्सिल मीच लिहिलं होतं. क्रोमिअमच्या अणूपाशी सरांनी थ्री-डी कक्षेत पाच आणि फोर-एसमध्ये एक इलेक्ट्रॉन दिला होता. त्याआधीच्या तिन्ही अणूंत फोर-एसमध्ये दोन होते, म्हणून मला वाटलं, सर घाईत चुकले. मोठ्या शहाणपणानं मी चार आणि दोन करून टाकलं. सरांनी तेच फळ्यावर उतरवलं, अकरा बॅचेसनी घोकलं. एकालाही शंका आली नाही. सगळे पोपट!

अठ्ठ्याण्णव साली प्रॅक्टिकलच्या आठवड्यात छाया पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मखमलाबादच्या झेंडूवाल्या कलाबाईची ही मुलगी, क्लास न लावलेली वर्गात एकटीच.

"काका, डीच्या पाचही खोल्यांत एकेक इलेक्ट्रॉन बसला की अणू जास्त स्थिर होतो. म्हणून फोर-एसमधला एक तिकडं जातो. मग सगळे चार-दोन का म्हणतात?"

म्हणजे सर चुकले नव्हते, मीच चुकलो होतो. "तू पुस्तकातलंच सांग," एवढंच म्हणालो.

तोंडी परीक्षा घ्यायला चांदवडहून दिनेश सर आले. तेही यादव सरांच्याच क्लासात शिकलेले, म्हणजे त्याच पिंजऱ्यातले. त्यांनी नेमकं क्रोमिअमच विचारलं.

"पाच आणि एक," छाया म्हणाली. दोघे सर एकमेकांकडे बघून हसले.

"पुस्तकात तसंच दिलंय, सर."

"छपाईची चूक असेल," यादव सर म्हणाले. "भिमाजी, तू इतकी वर्षं ऐकतोयस. सांग हिला."

छायानं माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअरिंगसाठी तिला एकेक मार्क हवा होता, हे मला ठाऊक होतं. चूक माझी आहे, इतकंच म्हणायचं होतं.

"चार आणि दोन, सर."

"बघ, आमच्या शिपायालाही येतं!" यादव सर म्हणाले. दिनेश सरांनी पाचापैकी एक मार्क टेकवला.

दारातून जाताना ती हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला तर माहीत होतं."

पोपटांना तरी माहीत नसतं. मी त्यांच्याहून हलकट निघालो.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी लागली तेव्हा छाया दोन मार्कांनी राहिली. त्याच आठवड्यात सरांनी नव्या बॅचसाठी स्टेन्सिल पुन्हा लिहायला दिलं. क्रोमिअमपाशी मी पाच आणि एक लिहिलं. सरांनी ते न वाचताच फळ्यावर उतरवलं.