अरशांवरचा पहारा

"जागा सोडायची नाही. साप येवो, अस्वल येवो, साक्षात यमराज येवो. ज्यानं उभं केलं, तोच येऊन सोडेल. समजलं?"

सुभेदार कुंदनसिंग नेगींचा हा हुकूम सतेश्वरीच्या कानात बाराखडीच्याही आधी बसला होता. सुभेदारांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात पहाटे पाचला हजेरी व्हायची. गाय हजर, म्हैस हजर, सतेश्वरी हजर. बोई, म्हणजे सतेश्वरीची आई, तेवढी हजेरीला नसायची. ती देवापुढे बसलेली असायची, आणि देवाचा हुद्दा आपल्यापेक्षा वरचा आहे एवढं सुभेदारांना मान्य होतं.

आज मंगसीरच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या, पंचमीला थोरल्या लेकीचं, ऊर्मिलाचं, लग्न होतं. कन्यादान होईपर्यंत आईबापांना उपास. बोईला उपासांची सवय, ती शांत होती. सुभेदारांना नव्हती, त्यामुळे सकाळपासून अख्खं गाव सावधान स्थितीत उभं होतं. खालच्या कोठीत सासरी पाठवायच्या अरशांच्या कंड्या, वेताच्या टोपल्या, भरून ठेवल्या होत्या. पाकात मळलेल्या तांदळाच्या पिठाचे, तुपात तळलेले अरसे. त्यांचा वास पार पाणवठ्यापर्यंत गेला होता. कोठीच्या दाराला बाहेरून कडी घालून सुभेदारांनी बारा वर्षांच्या सतेश्वरीच्या हातात काठी दिली, त्याच हुकमाची उजळणी केली आणि ते वऱ्हाडाला सामोरे गेले. गेले ते तिला विसरूनच गेले.

सतेश्वरीला त्याचं काही नव्हतं. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. दिदीची बीएची शेवटची परीक्षा चैतात, पौडीला होती. आणि होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला होता, "सून आणतोय, मास्तरीण नव्हे. पेपरबिपर आता विसरायचं." ऊर्मिला चार दिवस रडली. बोईनं बुबाजींना, म्हणजे सुभेदार वडिलांना, गळ घातली, तर ते म्हणाले, "आता ती त्यांच्या पलटणीत चालली. तिथं माझा हुकूम चालत नाही." मुलाचे वडील मानद कप्तान, छातीवर पदकांची ही रांग, पण बायकोपुढे त्यांनी या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं.

अंगणात ढोल-दमाऊ वाजत होते. तेवढ्यात कोठीच्या आत काहीतरी धडपडलं.

"थांब! कोण आहे?"

मग चावल्याचा आवाज.

"उंदीर," आतून भरल्या तोंडानं उत्तर आलं.

"उंदरा, नाव आणि हुद्दा सांग."

"कप्तान रणजोरसिंग बिष्ट."

सतेश्वरीनं घाईघाईनं टाचा जुळवल्या. मुलाचे वडील! "जयहिंद साहेब! आत कसे?"

"मागच्या खिडकीतून."

"मग तिथूनच जा."

"येताना पोट रिकामं होतं, पोरी. दार उघड. हुकूम आहे."

"मला सुभेदार साहेबांनी उभं केलंय."

"मी त्यांच्यापेक्षा वरचा आहे!"

"वरचे असाल साहेब. पण आत आहात."

कप्तान साहेबांनी पवित्रा बदलला. "मनगटावरचं घड्याळ देतो. अंधारात चमकतं."

"पहारेकऱ्याला लाच? कोर्टमार्शल होईल तुमचं."

आत एक लांब सुस्कारा पडला. "बरं बाई. पण एक कर. आमच्या हिला सांगू नकोस. डॉक्टरांनी मला साखर बंद केलीय. हिनं माझ्यासाठी देवीला नवस बोललाय, वर्षभर स्वतः गोडाला शिवणार नाही म्हणून. दसऱ्याला नातवाच्या बारशाचा पेढाही कपाळाला लावून परत ठेवला तिनं."

"आणि तुम्ही खिडकीतून?"

"आणि मी खिडकीतून," कप्तान साहेब म्हणाले. आवाज खाली आला होता. चावणं थांबलं होतं.

सतेश्वरीनं विचार केला. दार तिचं नव्हतं, बुबाजींचं होतं. त्यावर सौदा करणं म्हणजे चौकी विकणं. पण जीभ तिची स्वतःची होती, तिच्यावर कुणी पहारा बसवला नव्हता.

"दार नाही उघडणार. पण कुणाला सांगणार नाही, शब्द देते. तुम्हीही एक द्या. दिदीला चैतात पेपरला न्या."

"ते आमच्या हिच्या हातात आहे गं!"

"लढाईत तोफांपुढे उभे राहिलात ना?"

"तोफ मधूनमधून थंड तरी होते."

ढोलाची लय वाढली. शेवटी आतून आवाज आला, "मी स्वतः नेईन. कप्तानाचा शब्द."

"तोंडातला घास गिळून सांगा."

त्यांनी गिळला आणि पुन्हा सांगितलं.

तोवर अंगणात गोंधळ उडाला होता. मुहूर्त जवळ आला आणि मुलाचा बापच गायब! कुणी म्हणे रुसले, कुणी म्हणे ओढ्यावर गेले. सतेश्वरीनं समोरून धावणाऱ्या चुलत भावाला थोपवलं. "बुबाजींना सांग, पहारा सुटायचाय. लवकर."

सुभेदार तांबडेलाल होऊन आले. "तू अजून इथंच?"

"तुम्ही सोडलं नाहीत."

"पहारा खलास," सुभेदार पुटपुटले आणि त्यांनी कडी काढली. दारात कप्तान साहेब ताठ उभे. मिशीला तूप. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला. कप्तान साहेबांनी उजव्या हातातला अरसा डाव्या हातात घेऊन सलाम परत केला.

"तुमचा पहारा तपासत होतो, समधीजी. चोख आहे."

मागोमाग त्यांची बायको येऊन ठेपलीच. अरसा एव्हाना कोटाच्या खिशात गेला होता. "मिशीला काय?"

"होमाचं तूप उडालं."

"होम अजून पेटलेला नाही." ती सतेश्वरीकडे वळली. "काय गं, आत काय चाललं होतं यांचं?"

माहीत नाही म्हणणं खोटं झालं असतं, आणि खोटं बोलायला या घरात बंदी होती. "सांगणार नाही," सतेश्वरी म्हणाली.

"मला?"

"कुणालाच."

"बघा संस्कार! सुभेदारजी, ही कार्टी माझ्या उंबऱ्यावर नको."

शेजारच्या खोलीच्या पडद्याआडून ऊर्मिलानं बहिणीकडे पाहिलं ते असं की सतेश्वरीला खाली बघावं लागलं. कप्तान साहेब छताचे वासे बघत होते. सुभेदारांनीही खोदून विचारलं, तिनं त्यांनाही तेच उत्तर दिलं. दिदीची डोली गेल्यावर तिला शिक्षा झाली: पाठीवर दगडांचं पोतं, पाणवठ्यापर्यंत तीन फेऱ्या. उपास सुटलेले सुभेदार तिसऱ्या फेरीला तिच्याबरोबर मुकाट चालत होते, आणि पोत्याला खालून हात लावत होते.

हिवाळाभर ऊर्मिलाची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं, "पेपरचं नाव काढलं की सासूबाई तुझं नाव काढतात. ससुरजी तर ताटावरून उठूनच जातात." ते पत्र सतेश्वरीनं वहीत ठेवलं. आपण दिदीचं नुकसान करून बसलो असं तिला वाटू लागलं. बोलून टाकलं असतं तर? पण दिलेला शब्द कसा परत घ्यायचा हे बुबाजींनी कधी शिकवलंच नव्हतं.

चैत लागला. पहिला पेपर सोमवारी होता. रविवारी पहाटे हजेरी देऊन ती बुबाजींची दुर्बीण न विचारता घेऊन गच्चीवर गेली आणि ओढ्यापलीकडच्या गावाकडे लावली. कप्तान साहेबांच्या घराच्या चुलीचा धूर अजून निघाला नव्हता. दार हळूच उघडलं. आधी ऊर्मिला आली, छातीशी पुस्तकं धरून. मागून कप्तान साहेब, डोक्यावर काळी पेटी, हातात बूट. अंगण त्यांनी चवड्यांवर ओलांडलं. गोठ्यापाशी आल्यावर पेटी खाली ठेवली, दगडावर बसून बूट चढवले, नाड्या आवळून बांधल्या. मग पेटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि सुनेला पुढे घालून ते मोटाररस्त्याची पायवाट उतरू लागले.