भिंतीला जखडलेला हेडफोन

इकडे तिकडे बघू नका, मी दिसणार नाही. तुमच्यासमोर ही जी गुळगुळीत पांढरी प्लायवूडची भिंत आहे ना, तिच्या मागे खरी भिंत आहे. त्या दोन भिंतींच्या मधल्या वीतभर जागेत मी लटकलोय. मी हेडफोन बोलतोय. आज इथे मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतात. पूर्वी गाण्यांचं आणि सिनेमांचं दुकान होतं, मी त्या दुकानातला.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्ही ढिगाने जन्मायचो, त्यामुळे कुणाला कुणाचं कौतुक नव्हतं. काळ्या मऊ गाद्या, वर पोलादी पट्टी, आणि आत दोन नाजूक पडदे. बस, एवढाच मी. खोक्यात माझ्या शेजारी असलेला भाऊ या दुकानात आल्या आल्या कुणाच्या तरी घरी गेला. मला वाटलं, आता माझी पाळी. कुणाची तरी खोली मिळेल, खिडकी मिळेल, कधीमधी बाहेरची हवा मिळेल.

खोकं उघडलं तेव्हा समोर ड्रिल मशीन घेऊन दुकानाचे मालक उभे होते. त्यांना सगळे ‘शेठ’ म्हणायचे. शेठजींसारखं त्यांच्यात काही नव्हतं. शर्टाचं एक बटण नेहमी तुटलेलं असायचं. गल्ल्यावर त्यांची बायको बसायची. गिऱ्हाईकं तिला वहिनी म्हणायची.

“घट्ट बसवा हं,” वहिनी म्हणाल्या. “कुणीतरी उचलून नेईल.”

“लोक गाणी ऐकायला येतात, चोऱ्या करायला नाही.”

“मग ते स्क्रू कशाला आणलेत?”

“तू म्हणालीस म्हणून!”

असं भांडत भांडत त्यांनी मला भिंतीला जखडलं. माझ्या वायरीवर पोलादी वेटोळ्याचं आवरण चढवलं, टोकाला लोखंडी पट्टी लावली आणि पट्टी भिंतीत पक्की केली. माणसाने मला कानाला लावून मान वळवली तरी वायरीला ओढ बसायची. तेवढंच माझं जग. माझ्या खाली एक सीडी प्लेअर आणि आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण. बटणावर एक पांढरी रेघ होती.

तक्रार करायला मात्र सवड नव्हती. सुट्टीच्या दिवशी माझ्यापुढे रांग लागायची. शेठ प्रत्येकाला म्हणायचे, “ऐकून तर बघा! घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे!” आणि गल्ल्यावरून वहिनी कपाळाला हात लावायच्या.

माणसं कानावर मी चढलो की बदलतात. त्यांना वाटतं, आपल्याला जग ऐकू येत नाही म्हणजे जगाला आपण दिसत नाही. एरवी गंभीर तोंडाने फिरणारा बँकेतला साहेब माझ्यासमोर खांदे उडवायचा. एक बाई डोळे मिटून भरल्या दुकानात ओरडल्या, “अगं बाई, किती गोड गातोय मेला!” सगळं दुकान हसलं, त्यांना एकट्यांनाच कळलं नाही. एक तरुण आणि एक तरुणी एकाच वेळी माझ्याजवळ आले. “आधी तुम्ही,” “नाही, तुम्ही,” असं करत शेवटी माझी एकेक गादी दोघांनी वाटून घेतली. पुढे ती दोघं वर्षानुवर्षं सोबत यायची आणि कुठला सिनेमा न्यायचा यावरून कपाटासमोर तावातावाने भांडायची.

मी रोज शंभर गाणी पोहोचवायचो, पण स्वतः जागचा हललो नाही. दार उघडलं की दाराला बांधलेली घंटी वाजायची, रस्त्याची थोडी हवा आत यायची आणि माझ्यापर्यंत येईतो संपायची.

मग लोक वेगळ्याच तऱ्हेने यायला लागले. यायचे, मला कानाला लावायचे, आणि खिशातून फोन काढून माझ्या गादीजवळ धरायचे. फोन गाण्याचं नाव सांगायचा. “मिळालं!” म्हणत ते मला खुंटीवर टांगायचे आणि निघून जायचे. पुढे पुढे तर तेवढ्यासाठीही कुणी येईना. सिनेमांच्या कपाटात उन्हाने डब्यांचे रंग उडाले. वहिनींनी गल्ल्याशेजारी बॅटऱ्या, पेनं, वाढदिवसाची कार्डं मांडली. खपत होतं ते तेवढंच.

शेठ मात्र नवा माल मागवतच राहिले. वहिनी म्हणायच्या, “अहो, बंद करू या आता. लेकीकडे जाऊन राहू चार महिने. किती वेळा बोलावते ती.” शेठ ऐकायचे नाहीत.

ऐकायचे नाहीत म्हणजे खरंच ऐकायचे नाहीत. हे फक्त मला ठाऊक होतं.

शेठ रोज सकाळी दुकान उघडलं की मला कानाला लावायचे. वहिनी घरचं आवरून मागाहून यायच्या, तोवर ते एकटेच असायचे. एकच आवडती सीडी, एकच गाणं, जाड आवाजाच्या कुणा गायिकेचं. सुरुवातीला बटणावरची पांढरी रेघ डावीकडे असायची. मग ती वर सरकली. मग उजवीकडे. पुढे माझे पडदे फाटतील की काय असं मला वाटायचं, आणि शेठ तरी बटण पिळतच असायचे, जणू त्याच्या पलीकडे अजून थोडी जागा असेल. गाणं संपलं की ते रेघ पुन्हा डावीकडे आणून ठेवायचे.

गिऱ्हाइकांना संशय आला नाही. कुणी विचारलं, “जुनं आहे का काही?” तर शेठ म्हणायचे, “जूनमध्ये येईल.” माणूस हसायचा. शेठ विनोदी आहेत, अशी त्यांची ख्याती झाली. तेही हसायचे आणि घाईने दुसऱ्या कपाटाकडे वळायचे.

मी काय करणार? हजारो कानांशी माझी गाठ पडली, पण त्यांतल्या एकालाही मी माझ्या मनातलं सांगू शकत नव्हतो. माझ्या तोंडून नेहमी दुसऱ्याचंच गाणं निघायचं. एकदा वहिनींनी फडक्याने माझ्या गाद्या पुसल्या तेव्हा मी अगदी कळवळलो. वहिनी, त्या बटणाकडे बघा! पण रेघ शहाण्यासारखी डावीकडे होती.

वहिनींचंही एक गुपित होतं. शेठ दिवसभर दाराकडे पाठ करून मागच्या कपाटातल्या सीड्या नीट लावून ठेवत बसायचे. एका दुपारी त्यांनी वळून विचारलं, “कुणी आलं होतं का गं?” वहिनींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि ठसक्यात म्हणाल्या, “आले होते ना, दोघं. तुमच्या मागेच तर उभे होते.”

“काय नेलं?”

“एकाने नेलं काहीतरी.”

“बघ! येतात लोक,” म्हणत शेठ पुन्हा कामाला लागले. त्या दिवसापासून ते विचारायचे आणि वहिनी सांगायच्या. कधी दोघं, कधी एक म्हातारे गृहस्थ, कधी कॉलेजच्या मुली. शेठ गल्ला कधी उघडून बघायचे नाहीत. घंटी मात्र मुकाट लटकत असायची. हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही, याचं वहिनींना मनातून आश्चर्य वाटत असावं.

मग एका सकाळी वहिनी लवकर आल्या. दाराची घंटी वाजली, पण शेठना ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्या कानांवर होतो आणि रेघ उजवीकडच्या टोकाला. वहिनींनी हाक मारली. पुन्हा मारली. मग त्या जवळ आल्या. शेठ दचकले, मला घाईघाईने टांगलं आणि “पाणी भरून आणतो” म्हणत मागे गेले. पहिल्यांदाच ते बटण फिरवायला विसरले.

वहिनींनी सहज मला कानाला लावलं आणि चटका बसावा तसं ओढून काढलं. त्यांनी बटणाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग अलगद रेघ डावीकडे आणून ठेवली आणि गल्ल्यावर जाऊन बसल्या. शेठ परत आले तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, “उद्या आपल्याला एका ठिकाणी जायचंय. शर्ट चांगला घाला.”

शेठ कानाच्या डॉक्टरकडे कसे गेले, वाटेत किती भांडण झालं, हे मला माहीत नाही. मी कुठे जाणार! पण पुढच्याच आठवड्यात ते दुकानात शिरले आणि दारातच थबकले. त्यांच्या कानामागे छोटंसं मशीन होतं.

“ही घंटी एवढ्या मोठ्याने वाजते?”

त्यांनी दार लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. “अगं, पंखासुद्धा कुरकुरतोय! तुझ्या चपला वाजतायत!” वहिनी हसत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या.

मग शेठ कपाटाकडे वळले. दुपार झाली, ऊन उतरलं. पंखा कुरकुरत होता. वहिनींनी सवयीने म्हटलं, “आत्ताच दोघं येऊन गेले बघा.”

शेठ सावकाश वळले.

“अगं,” ते म्हणाले, “घंटी नाही वाजली.”

वहिनींनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला त्या क्षणी भिंतीत घुसून जावंसं वाटलं. पण मी आधीच भिंतीतला.

“कधीपासून?” शेठनी विचारलं.

“तुमचं कधीपासून?”

शेठ खाली स्टुलावर बसले. “घरी एवढ्या मोठ्याने ऐकायला लागलो असतो तर तुला कळलं असतं. इथे या हेडफोनवर तेवढं ऐकू यायचं. दुकान बंद केलं असतं तर गाणंच बंद झालं असतं माझं.”

“आणि मला वाटायचं, तुम्हाला खरं सांगितलं तर तुम्ही खचाल,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांना एकदम हसू फुटलं. “काय पण जोडी! तुम्ही इकडे आवाज वाढवत होतात, आणि मी तिकडे गिऱ्हाईकं!”

शेठही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, तो बराच वेळ पुसत राहिले. त्या संध्याकाळी दुकान बंद करायचं ठरलं.

पाटी लागली आणि काय गर्दी झाली म्हणता! “अरेरे, बंद करताय?” “माझं सगळं लहानपण इथे गेलं हो!” लोक कपाटांचे फोटो काढत होते. एक गृहस्थ तर जुनी सीडी हातात धरून तेच गाणं तिथल्या तिथे फोनवर शोधत होते. घंटीला उसंत नव्हती. शेठ सगळ्यांशी गोड बोलले. मात्र मध्येच त्यांनी कानामागचं मशीन काढून खिशात टाकलेलं मी पाहिलं.

सगळे गेल्यावर त्यांनी मला कानाला लावलं, बटण पार उजवीकडे फिरवलं. वहिनी जवळ आल्या. “मलाही ऐकू द्या.” शेठनी माझी एक गादी बाहेर वळवली आणि वहिनींनी तिला कान टेकवला. केवढा तो आवाज! वहिनींच्या भुवया आक्रसल्या, डोळे घट्ट मिटले. पण गाणं संपेपर्यंत त्यांनी कान काढला नाही. शेठना वाटलं, बायको तल्लीन झालीय.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. शेठनी त्याला सांगितलं, “बाकी काहीही करा. हा हेडफोन तेवढा मला घरी न्यायचाय.”

सुताराने खूप खटपट केली. पण स्क्रू गंजले होते, वर रंगाचे थर चढले होते. “निघत नाही शेठ. वायर तोडावी लागेल.”

“नको नको,” शेठ घाबरून म्हणाले. “तोडू नका. राहू द्या मग.”

त्यांच्या मनात दयाच होती. तोडलं असतं तर मी त्यांच्या घरी गेलो असतो, मुका का होईना. त्यांनी जाताना माझी पट्टी बोटाने पुसली. मग प्लायवूडचे तक्ते आले.

तेव्हापासून मी अंधारात आहे. खालचा सीडी प्लेअर गेला, माझी वायर आता कुठल्याच यंत्राला जोडलेली नाही. तक्त्यापलीकडून बोलणं ऐकू येतं. “कानात घालायचं द्या. वायर नाही ना त्याला?” “नाही हो, एकदम मोकळं!” मोकळं. असे मोकळे जीव रोज या दुकानातून खिशात बसून बाहेर पडतात, आणि मी त्यांचा हेवा करत लटकत असतो. शेठ आणि वहिनी लेकीकडे गेले, एवढं सामान हलवताना कानावर आलं होतं. तिथे शेठ कसलं गाणं ऐकतात, कुणास ठाऊक.

मध्यंतरी दुकानातले दिवे गेले म्हणून वायरमन आला. त्याने एक तक्ता काढला आणि उजेडाने माझे डोळे दिपले म्हणा ना. “अरे, हे बघा काय आहे!” तो म्हणाला. मोबाईलवाल्याने मानही वर केली नाही. वायरमनने माझ्यावरची कोळिष्टकं झटकली आणि, कोण जाणे का, मला कानाला लावलं.

माझ्यात गाणं नव्हतं. पण त्याचे कान गरम होते. आत खोलवर त्याची नाडी ठुक ठुक वाजत होती. इतकी वर्षं मी सगळ्यांना ऐकवत आलो. कुणाला ऐकायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

“काही नाही,” तो म्हणाला. “काढून टाकू का?”

“राहू दे रे. कुठे खोलत बसतोस.”

त्याने मला टांगलं, तक्ता वर धरला आणि एकेक स्क्रू पिळायला सुरुवात केली.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी हा तक्ता निघाला आणि तुम्ही जवळ असलात, तर मला सोडवायच्या भानगडीत पडू नका; ते जमणार नाही. गाणंही लावू नका. नुसतं कानाला लावा, आणि काढायची घाई करू नका.